खिरापतीचा डबा

आई, तुझा पितळी डबा माझ्याकडेच आहे. झाकणाला पोचा आलेला, तोच. इतकी वर्षं मी त्यात मेथीदाणे ठेवत आले. गेल्या महिन्यात तुझ्या नातीने ते सगळे वर्तमानपत्रावर उपडे केले आणि मला म्हणाली, "मम्मी, हा आता प्रॉप आहे, इसको हाथ नहीं लगाना." नात म्हणजे माझी मुलगी. तू तिला पाहिलं नाहीस, तिने तुला फक्त फोटोत पाहिलंय. कॉलेजात व्हिडिओ करायला शिकते. घरात तरी मराठी बोल म्हटलं की अर्धं वाक्य मराठीत बोलते आणि उरलेलं भोपाळला देऊन टाकते. तुला आवडली असती. तुझ्यासारखीच आहे, एकदा मनात आलं की समोरच्याची सोय बघत नाही.

झालं असं, की त्यांच्या वर्गात दोघादोघांनी मिळून एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. गाणं बाजारातलं नको, आपल्या घरातलं आणा, असं सरांनी सांगितलं. हिच्या जोडीला हिची एक मैत्रीण, इथलीच, हिंदी बोलणारी. ती म्हणाली, "हमारे घर में तो बस शादी में डीजे बजता है." मग हिला कपाटातली बाबांची कॅसेट आठवली. इथेच बरखेड्यात, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, कोजागिरीच्या संध्याकाळी बाबांनी भरलेली. कॅसेट होती, पण ती वाजवायला घरात काही नव्हतं. पोरींनी कुठून तरी एक जुना टेपरेकॉर्डर पैदा केला, वायरने लॅपटॉपला जोडला, आणि माझ्या जेवायच्या टेबलावर तू बोलायला लागलीस. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. तुझा आवाज मला आठवत होता त्यापेक्षा पातळ आहे, आई. आणि तू किती तरुण आहेस त्यात. माझ्याहून लहान.

त्या मैत्रिणीला भुलाबाई म्हणजे काय ते सांगता सांगता माझी दमछाक झाली. विदर्भातून आलेल्या घरांत पोरी संध्याकाळी जमतात, मातीच्या भुलोजी-भुलाबाईपुढे गाणी म्हणतात आणि मग खिरापत ओळखतात. घरच्या बाईने खाऊ डब्यात लपवलेला असतो, ती डबा वाजवते, पोरींनी आवाजावरून सांगायचं आत काय आहे. नाहीच जमलं तर "हरलो" म्हणायचं. तेवढं म्हटल्याशिवाय डबा उघडत नाही. "आंटी, ये तो गेम शो है," ती म्हणाली. मी म्हटलं, असंच समज.

गाणी तू मनाने जोडायचीस. नागपूरची आम्हाला पुरायची नाहीत म्हणून तू कारखान्याची घालायचीस. कॅसेटमध्ये ते आहे: भुलाबाई बसली पाटावर, भोंगा वाजला आठावर, राव निघाले सायकलीवर. बाबांकडे बघून सगळ्या पोरी खिदळतात आणि बाबा टेपजवळून म्हणतात, "अरे, मला कशाला मध्ये घेता?" मग डबा वाजतो. पोरी ओरडतात, फुटाणे, खारका, शेंगदाणे. तू प्रत्येकीला नाही म्हणतेस. शेवटी विचारतेस, "हरलात का?" आणि सगळ्यांच्या वर माझा आवाज येतो, "नाही हरलो, थांब." तिथे खट वाजतं आणि कॅसेट संपते.

आता घरचीच पोर असून मला कसं ठाऊक नव्हतं, असं कुणी विचारेल. तूच त्या दिवशी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतंस. आदल्या दिवशी मी सगळ्या क्वार्टरभर खिरापत सांगत फिरले होते ना. दाराशी डोकावले तर कान धरलास आणि म्हणालीस, "डोळ्यांनी नाही ओळखायचं, याने ओळखायचं." आणि तोच कान पिळलास. ते मला लख्ख आठवतं. नंतर डबा उघडला असेल, मीही खाल्लं असेल, पण काय खाल्लं ते काही केल्या आठवत नाही. महिनाभराच्या खिरापती डोक्यात एकमेकींत कालवल्या गेल्यात. बाबांना पुढे कधी विचारलं तर म्हणायचे, "मला कुठे मिळायची, तुम्ही पोरी फडशा पाडायच्यात."

पोरींचं काम बघत मी रोज ऑफिसातून आल्यावर टेबलाशी बसायचे. पडद्यावर तुझा आवाज दिसतो, आई. कारल्याच्या पाठीसारखी खरबरीत रेघ असते, तू बोललीस की फुगते, थांबलीस की सपाट होते. त्याच्या खाली एक पट्टी चित्रांची, तिच्याखाली टाळ्यांची, कात्रीने कापावं तसं सगळं कापतात आणि पुढेमागे सरकवतात. एकदा मैत्रिणीने आवाज स्वच्छ करायचं काहीतरी दाबलं. खरखर गेली, पंखा गेला, आणि डबाही गेला. त्या यंत्राला तुझा डबा कचरा वाटला. माझं डोकंच फिरलं. "पहले वो वापस लाओ," मी इतक्या जोरात म्हटलं की पोर दचकली. "आंटी, अनडू है ना, टेंशन मत लो." एक बटण दाबलं आणि डबा पुन्हा वाजायला लागला. हे अनडू फार बरं असतं. आपल्याकडे कुठे होतं.

खरी अडचण शेवटाला आली. तेवढा सोडून चित्रीकरण सगळं झालं होतं. कॉलनीतल्या पोरी बसवल्या, बाजारातून भुलाबाई मिळाली नाही तर हिने स्वतः मातीची थापली, नाक जरा बसकंच झालं. शेवटच्या दृश्यात डबा उघडतो आणि खिरापत दिसते, असं ठरलेलं. "तो आजी ने रखा क्या था?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही. "मग शिरा ठेवू. कोण बघतंय?" मी म्हटलं, मी बघतेय. ती वैतागली. सोमवारी द्यायचं होतं, शेवट नसेल तर निम्मे मार्क गेले. "तू हाँ बोल ना, एक वाटी शिरा तो है." मी हो म्हटलं नाही. का, ते तिला सांगता येईना. ती तुझी शेवटची भुलाबाई होती. उन्हाळ्यात तू गेलीस. पुढच्या वर्षी पोरी आमच्या दाराशी आल्या आणि बाबांनी त्यांना बिस्किटं देऊन परत पाठवलं. तुझ्या शेवटच्या डब्यात मी माझ्या मनाने काहीबाही कसं घालू? एवढं एकच तर तू माझ्यासाठी झाकून ठेवलंयस.

मग लेकीनेच तोड काढली. डबा तोच आहे ना, मग एकेक वस्तू घालून वाजवू, मोबाईलवर रेकॉर्ड करू आणि तुझ्या रेघेखाली ती रेघ ठेवून बघू. रविवारची अख्खी दुपार त्यात गेली. फुटाणे झाले, शेंगदाणे, साखरफुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, खारका. मैत्रीण डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "नहीं आंटी, मैच नहीं हो रहा." मी तुझी ती पट्टी पुन्हा लावायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकली. याने ओळखायचं, म्हणालीस ना. आणि मला एकदम चिंचोके आठवले.

तू लबाड होतीस, आई. खाऊ मऊ असला की वाजत नाही, म्हणून तो फडक्यात घट्ट गुंडाळायचीस आणि वरून मूठभर चिंचोके टाकायचीस. आम्ही फुटाणे फुटाणे म्हणून ओरडायचो आणि तू तोंडाला पदर लावून हसायचीस. मी उठले, चिंचेच्या बरणीतून चिंचोके काढले, एका फडक्याची पुरचुंडी केली आणि डबा वाजवला. पडद्यावर दोन्ही रेघा एकीखाली एक आल्या. "सेम टू सेम!" मैत्रीण म्हणाली. लेक टाळ्या पिटायला लागली, आणि मग थांबली. "पण मम्मी, म्हणजे आत काय होतं?"

मऊ काहीतरी. शिरा असेल, साटोरी असेल, पुरणाचा गोळा असेल. चाळीस वर्षांनी, एवढी यंत्रं घेऊन, आम्ही तिघी तुझ्या थापेपर्यंतच पोचलो होतो. मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं ते थांबेचना. मला तुझी फार आठवण येते गं. रोज येते असं नाही, पण येते तेव्हा मी नऊ वर्षांचीच असते. लेकीने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "नको उघडू या डबा."

तसंच केलं. व्हिडिओत डबा वाजतो, पोरी ओळखत राहतात, पडदा काळा होतो आणि काळ्यात तू विचारतेस, "हरलात का?" बस. कॉलेजात दाखवला तेव्हा मीही गेले होते. त्या हॉलमध्ये मराठी समजणारं फारसं कुणी नसेल, पण अंधारातून पोरं ओरडायला लागली, चना, जलेबी, पोहा. दिवे लागले तरी थांबेनात. तू असतीस तर पदर तोंडाला लावला असतास. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मैडम, अब तो बता दीजिए, था क्या उसमें?" मी अगदी तोऱ्यात म्हटलं, "वो हम ऐसे नहीं बताते." लेकीने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मेथीदाणे अजून वर्तमानपत्रावरच आहेत. डब्यात परत भरवत नाहीत. हे लिहिलेलं पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही, पण सरांना जे सांगितलं नाही ते तुला तरी सांगायला हवं. मला ठाऊक नाही. आणि तेव्हा मी ओरडून थांब म्हटलं होतं, तर तू थांबलीयस खरी, तशीच, डबा हातात धरून.

हरले गं आई. उघड आता.