पिवळ्या यूटचा मागचा एक्सल

सगळ्यांत आधी आला तो माझा मुलगा रोको, तोही मंगळवारी. रोको रविवार सोडून येत नाही, म्हणून मी ओळखलंच की मागून कुणीतरी आहे. पाचच मिनिटांत शहरातल्या संग्रहालयाचे पास्को साहेब उतरले, आणि त्यांच्याबरोबर पांढरे हातमोजे घातलेली एक बाई. मोजे कशाला, तर माझ्या यूटला, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या जुन्या गाडीला, हात लावायला. ती बनली त्याच होल्डन गाड्यांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं उघड्या हातांनी सीटची कव्हरं शिवली.

ते गेल्यावर मी लगेच लिहायला बसले. मृत्युपत्राची सुरुवात कशी करायची ते वकिलाने पूर्वी एका कागदावर दिलं होतं, ते असं:

मी, असुन्ता विटो पेरोत्ता, वय एकोणऐंशी, राहणार सॉल्सबरी, अ‍ॅडलेडच्या उत्तरेला, माझं डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दबावाखाली न येता (रोको सकाळपासून दबाव टाकतो आहे, पण मी त्याखाली आलेले नाही) हे लिहून ठेवते. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही इटलीत. चुका असतील त्या माझ्याच समजाव्यात. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द.

घर रोको आणि त्याची बहीण तेरेझा यांना निम्मं निम्मं. अंजिराचं झाड तोडायचं नाही. बँकेत जे असेल त्यातून आधी माझं क्रियाकर्म, उरेल ते दोघांना सारखं. भांडायचं असेल तर माझ्या स्वयंपाकघरात भांडू नये.

शिलाई मशीन शेजारच्या हानबाईच्या सुनेला. हानबाई जपानी गाडी चालवतात, पण त्यांच्या कोथिंबिरीकडे बघून मी ते सोडून दिलं आहे. मशीनच्या खणात शेवयांच्या खोक्याचा एक पुठ्ठा आहे. तो मात्र मशीनबरोबर जाणार नाही. त्याचं पुढे येतं.

कारखान्यातले आमचे मुकादम व्हिटलॉक यांना मी माफ केलेलं नाही. ते वारले आहेत, तरी नाही. ते म्हणायचे, बायांनी कामावर स्वतःची खूण ठेवायची नाही. मी प्रत्येक सीटखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याचा एक टाका घालत होते. या देशात रस्त्यावर जितक्या जुन्या होल्डन पळतात, त्यांतल्या कितीतरींत बसणाऱ्यांच्या बुडाखाली मी आहे. हे आता कायदेशीर कागदावर आलं.

आता यूट. चौऱ्याहत्तर सालची, मोहरीच्या रंगाची. पुढे आम्हा दोघांचं बाक, मागे उघडा हौदा. माझ्या नवऱ्याने, विटोने, तिचा रंग कारखान्यात स्वतः मारला आणि सीट मी शिवली. पास्को साहेब तिच्याभोवती तीनदा फिरले आणि म्हणाले, "आजी, ही कालच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखी आहे. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. आता अशी मिळत नाही." त्यांना ती शहरातल्या दालनात ठेवायची आहे. भोवती दोरी बांधून. टाकीतलं पेट्रोल काढून टाकून.

मी विचारलं, चालवणार कोण? त्यांनी हसून बाईकडे बघितलं.

रोको म्हणाला, "आई, तुझा परवाना गेला, कारखाना गेला, बाबा गेले. ती शेडमध्ये उभी राहून काय करते? तिथे निदान लोक बघतील."

मी म्हटलं, "मलाही लोक बघायला येतात. म्हणून मला दोरी बांधशील?"

त्याचा विचार मला कळला. माझ्या माघारी यूट त्याच्या हाती आली की दुसऱ्या दिवशी ती दालनात. म्हणून हे कलम नीट वाचावं.

आमच्याकडे दोनच धर्म. होल्डनवाले आणि फोर्डवाले. ऑक्टोबरातल्या मोटारींच्या शर्यतीच्या दिवशी कोण कुठल्या घरी जेवतो यावरून सोयरिकी ठरायच्या. विटोचा धाकटा भाऊ नेलो याने सत्याहत्तर साली निळी फोर्ड घेतली. विटो फाटकात उभा राहून म्हणाला, या फाटकात फोर्ड उभी राहिली तर मी आत राहणार नाही. अकरा वर्षं दोघे भाऊ बोलले नाहीत. सासूबाईंना पुरताना एक खड्ड्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, वर्षभराचा सॉस करायच्या आदल्या दिवशी, टोमॅटोच्या चाळीस पेट्या घेऊन येताना यूटचा मागचा एक्सल, चाकांचा दांडा, चढावर मोडला. ऊन असं की पेट्यांतच सॉस व्हायचा. विटो टेकडीवर बसून शिव्या देत होता, तेव्हा मी खाली पंपावर जाऊन नेलोला फोन केला. तो आला. अर्धे टोमॅटो फोर्डच्या डिकीत, अर्धे मागच्या सीटवर. विटो यूटपाशीच बसून राहिला, फोर्डमध्ये पाय ठेवला नाही.

रविवारी नेलो एका ठोकलेल्या फोर्डचा मागचा एक्सल घेऊन आला आणि न विचारता यूटखाली शिरला. थोड्या वेळाने विटोही शिरला. मी कॉफी घेऊन बाहेर आले तर चार पाय दिसत होते आणि अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं मी ऐकलं.

"पाना दे."

"कितीचा?"

"पाऊण इंची. डोळे गेले काय तुझे?"

दोन रविवार कापाकापी आणि वेल्डिंग चाललं. तर होय, आमच्या होल्डनच्या पोटाखाली तीस वर्षं फोर्ड आहे. पास्को साहेब वाकले नाहीत म्हणून त्यांना दिसलं नाही. रोकोलाही ठाऊक नाही. विटो मरेपर्यंत लाजत होता, मी लाजत नाही.

नेलोने एक्सल दिला नव्हता, वापरायला ठेवला होता. त्याने विटोकडून शेवयांच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं की एक्सल नेलोचा, मागेल तेव्हा परत. खाली दोघांच्या सह्या. हाच तो पुठ्ठा. जे माझं नाही ते मी कुणाला देऊ शकत नाही, रोको विकू शकत नाही आणि पास्को साहेब दोरी बांधू शकत नाहीत. त्यांना हवी असेल तर मागच्या चाकांशिवायची यूट उचलून न्यावी.

एक्सल सोडून बाकी यूट मी माझी नात लिविया हिला देते. नेलो मागत नाही तोवर एक्सल आहे तिथेच राहील. कारखाना बंद झाला त्या दिवशी शेवटच्या पाळीतून बाहेर पडलेल्यांत ती होती. आता बस चालवते. अट एकच, आठवड्यातून एकदा यूट रस्त्यावर गेली पाहिजे. ओरखडे पडले तर पडू देत.

माझी शवपेटी यूटच्याच हौद्यातून न्यावी. स्मशानाच्या फाटकाशी लिवियाने जागेवर चाकं फिरवून चांगला धूर काढावा. पाद्रीबाबा नको म्हणतील. त्यांना सांगावं की चर्चमध्ये धुपाचा धूर चालतो तसाच हा.

नेलोला मी काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला दिलं तर गोंधळ होतो म्हणे. त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वहिनी, सगळं खरं आहे. पण माझी फोर्ड होल्डनच्या कामी आली हे चारचौघांत येणार म्हणजे माझी अब्रू गेली." मी म्हटलं, ऐंशीला टेकलास, अब्रू आता कशाला लागते, सही कर. त्याने केली.

लिहून देणार: असुन्ता पेरोत्ता
साक्षीदार पहिला: नेलो पेरोत्ता (एक्सलचा मालक)
साक्षीदार दुसरी: लिंडा गॅरॉड, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातली, होल्डन नाही, फोर्ड नाही, सायकल
सॉल्सबरी, मंगळवार, २० मार्च २०१८, दुपारी चार

सही करून नेलोने आपली फोर्ड आमच्या फाटकात आडवी लावली आणि किल्ली माझ्याकडे दिली. हलवायची नाही म्हणाला. पास्को साहेब यूट न्यायला ट्रक घेऊन शनिवारी दहा वाजता परत येतो असं सांगून गेले आहेत.