‘निश्चित’ खोडून ‘संभाव्य’

प्रिय टिल्लू,

तिकडे मंत्र्यांच्या कचेरीत सगळे तुला साहेब म्हणत असतील, पण बावन्न वर्षांच्या घोड्याला टिल्लू म्हणायचा थोरल्या बहिणीचा हक्क मी काही सोडणार नाही. फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. अरे, फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? ‘ताई, मीटिंगमध्ये आहे, दोन मिनिटांत सांग’ म्हणतोस आणि त्यातली दीड मिनिटं स्वतःच बोलतोस. कागद निदान मध्ये तोंड घालत नाही.

आई ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. दिवसभर सभागृहाचं चॅनेल लावून बसते, तेही आवाज बंद करून. नाहीतरी नीट ऐकू येत नाही, मग शेजाऱ्यांना कशाला त्रास, म्हणते. काल मला म्हणाली, ‘आज सकाळपासून सगळे एकमेकांकडे बोटंच दाखवतायत गं. झालंय तरी काय?’ मंत्र्यांच्या मागच्या रांगेत फायली घेऊन तू दिसलास की तेवढ्यापुरता चष्मा पुसते. ‘वाळलाय माझा मुलगा,’ एवढंच तिचं राजकीय मत.

मी मात्र आवाज लावून ऐकते आणि माझं डोकं उठतं. तुझे मंत्री म्हणतात, प्रयोगशाळेनेच ठाम सांगितलं नाही, तर सरकार काय करणार? विरोधी नेते म्हणतात, सरकारला सगळं ठाऊक होतं आणि सरकार झोपून राहिलं. मागच्या राजवटीतले परराष्ट्रमंत्री म्हणतात, मी असतो तर चोवीस तासांत पाऊल उचललं असतं. त्यांच्या काळात आमच्या प्रयोगशाळेने नव्या यंत्रासाठी तीनदा अर्ज केला होता आणि तिन्ही वेळा उत्तरसुद्धा आलं नव्हतं, पण जाऊ दे. हे सगळे ज्या गावावरून भांडतायत त्याचं नाव तिघांनी तीन तऱ्हांनी घेतलं. ज्यांनी त्या गावावर विषारी वायू टाकला, त्या तिकडच्या, परदेशातल्या राजवटीबद्दल तर आता कुणी बोलतही नाही. गॅस जणू आपल्याच सभागृहात फुटला आणि तो कुणी फोडला, एवढाच काय तो प्रश्न उरलाय.

तुला आठवतंय का, त्या गावातून नमुने आले तेव्हा मी तुला काहीच सांगितलं नव्हतं? सांगायचं नसतंच. बारा बरण्या होत्या. माती, एका पडद्याचा तुकडा, मेंढीच्या लोकरीचा पुंजका, उशीचा अभ्रा. त्या अभ्र्यावर निळ्या दोऱ्याने कुणीतरी बदकं भरली होती. आम्ही चार दिवस दोघादोघांच्या पाळीने काम केलं. ते विष स्वतः लवकर उडून जातं, पण त्याचे मोडके अवशेष मातीत नि कापडात चिकटून राहतात, आणि ते खतातून किंवा कीटकनाशकातून येत नाहीत. एकदा तपासलं, पुन्हा तपासलं, मग दुसऱ्या यंत्रावर घातलं. ओळखीची खूण प्रत्येक वेळी आलेखात त्याच जागी उठली. तीन तारखेला सकाळी मी अहवालात लिहिलं, ‘अवशेष निश्चितपणे आढळले.’ तेहतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी पाचदासुद्धा वापरला नसेल. आमच्या धंद्यात माणूस मुलाच्या जन्मतारखेपुढेही ‘बहुधा’ लिहितो.

आणि अकराच्या सुमाराला तुझा फोन आला. त्या दिवशी मात्र तुला मीटिंग नव्हती. ‘ताई, एकच शब्द आहे गं,’ तू म्हणालास. ‘उद्या सभागृहात निवेदन आहे. निश्चित लिहिलंस तर साहेबांना काहीतरी करावं लागेल, आणि काय करायचं ते अजून ठरलेलंच नाही. आठवडाभर दे. संभाव्य लिही, म्हणजे खोटंही होत नाही.’ मी ‘असं होत नसतं’ म्हणाले. तू म्हणालास, ‘ठीक आहे, माझं काय होईल ते होईल.’ लहानपणी काच फोडल्यावर तू याच आवाजात बोलायचास आणि बाबांपुढे मी उभी राहायचे. मी कागद परत ओढून घेतला. ‘निश्चितपणे’ खोडलं, ‘संभाव्य’ लिहिलं, नवी प्रत काढून पुन्हा सही केली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी स्वतःला समजावलं की शास्त्रात शंभर टक्के असं काही नसतंच. शास्त्र मला तोवर तेहतीस वर्षांत असं सोयीने कधी आठवलं नव्हतं.

बारा तारखेला दुसऱ्या गावावर तसाच हल्ला झाला, ते तुला माझ्याआधी कळलं असेल.

गेल्या सोमवारी चौकशी समितीपुढे माझी साक्ष झाली. तू आदल्या दिवशी बजावलंस, ‘विचारतील तेवढंच सांग.’ मी तेवढंच सांगितलं, आणि खरं सांगते, मला लपवावं लागलंच नाही, कारण कुणी काही विचारलंच नाही. अडीच तास नुसता शब्दांचा कीस काढला. एकाने विचारलं, यंत्र परदेशी आहे की देशी. एका बाईंनी त्या रसायनाचं नाव वाचायचा चारदा प्रयत्न केला आणि शेवटी ‘ते जे काही आहे ते’ म्हणून मोकळ्या झाल्या. माझ्या उत्तरातलं अर्धं वाक्य सरकारवाले उचलत, उरलेलं अर्धं विरोधक, आणि मग मी तिथे नसल्यासारखे एकमेकांवर ओरडत. ‘अहवाल आधीपासून असाच होता का?’ एवढा साधा प्रश्न बारा जणांतल्या एकालाही सुचला नाही. मी पर्समधल्या चाव्या घट्ट धरून बसले होते. वाटत होतं, विचारा की रे कुणीतरी. आणि त्याच वेळी वाटत होतं, नका विचारू.

बाहेर आले तर बाकावर एक गृहस्थ बसले होते. अंगावर कोट दुसऱ्याचा, बाह्या लांब झालेल्या. तिकडचे डॉक्टर. बरण्या त्यांनीच भरून पाठवल्या होत्या. तेही साक्षीला आले होते, सकाळी नऊपासून. तेवढ्यात शिपाई आला आणि म्हणाला, भांडणात वेळ संपला, तुमची साक्ष आज होणार नाही, पुढची तारीख कळवू. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच त्यांच्याशेजारी बसले. ते आपली भाषा अडखळत, पण नीट बोलतात. मला वाटलं, आता हे सरकारला शिव्या देतील, निदान मला तरी देतील. त्यांनी आधी माझे आभार मानले. तपासणी नीट केल्याबद्दल!

मग सांगायला लागले. आपल्या देशाच्या मदत पथकाच्या रेडिओवरून द्यायची सूचना त्यांनी लिहून तयार ठेवली होती. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, तेव्हा तळघरात जाऊ नका, वरच्या मजल्यावर जा. आपल्या मंत्रालयाने परवानगी रोखून धरली, अहवाल निश्चित नाही, लोकांत घबराट होईल म्हणून. बारा तारखेला विमानं आली तेव्हा लोक धावत त्यांच्याकडे आले, कुठे जायचं विचारायला. ‘मला शंका होती,’ ते म्हणाले. ‘पण वायू संभाव्य होता आणि बॉम्ब निश्चित होते. मी त्यांना खाली तळघरात पाठवलं. मी स्वतः दार उघडून दिलं.’ सभागृहापासून समितीपर्यंत त्या सबंध इमारतीत दोष स्वतःकडे घेणारा हा एकच माणूस होता, टिल्लू, आणि त्याची काडीइतकीही चूक नव्हती.

त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला स्वतःला खात्री कधी झाली?’ सहज विचारलं, एका कामातल्या माणसाने दुसऱ्याला विचारावं तसं. मी म्हणाले, माझी गाडी आली असेल. आणि उठून गेले. गाडी वगैरे काही नव्हती. दोन चौक चालत गेले, तेव्हा कुठे बस मिळाली.

तेव्हापासून मी आईवर खेकसते, भांडी आपटते, टीव्हीवर जो तोंड उघडेल त्याच्यावर ओरडते. परवा आई म्हणाली, ‘त्यांना ऐकू जात नाही गं, मला बहिरीलाच तेवढं ऐकू येतं.’ तुझ्यावरही चिडून झालं. मंत्र्यांवर, विरोधकांवर, त्या देशी-परदेशी यंत्रवाल्यावर चिडून झालं. सगळ्यांवर चिडून झाल्यावर एकच बाई उरली.

म्हणून लिहितेय. आज दुपारी समितीच्या कचेरीत जाऊन मी अर्ज दिला, मला पुन्हा बोलवा म्हणून. गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. पहिला मसुदा, ‘निश्चितपणे’ वर आडवी रेघ मारलेला, नियमाप्रमाणे आमच्या कपाटात आहे. तो आणि दुसरा, दोन्ही नेणार आहे. हे पत्र मी स्वतः तुझ्या दारातून आत टाकून जाईन, म्हणजे तुझ्या हातात पूर्ण दोन दिवस राहतील. त्याआधी तू स्वतः समितीला सांगितलंस तर मी फक्त माझ्यापुरतं बोलेन. नाही सांगितलंस तर फोन कुणाचा आला होता, ते मलाच सांगावं लागेल. आईला काय सांगायचं ते नंतर आपण दोघं मिळून ठरवू. ‘एकच शब्द आहे गं’ म्हणायला मात्र पुन्हा फोन करू नकोस. काल मी त्या डॉक्टरांना गाठलं, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि मग विचारलं की तळघरात किती जण होते. एकतीस. गुरुवारी मी आधी हा आकडा सांगणार आहे, मग माझं नाव, आणि तोवर तू बोलला नसलास तर त्यानंतर तुझं.

काही झालं तरी तुझीच,
ताई