बोडीखालची बांधी

सालेकसा, ता. ३ ऑगस्ट २००७

चि. रत्नपाल यास अल्काताईचा सप्रेम जयभीम.

वि. वि. घरचे सगळे धडधाकट आहेत, मीच बरी नाही. तू गोंदियाहून येऊन शिकवलं तशीच रोवणी केली. बारा दिवसांचं रोप, एका ठिकाणी एकच, मध्ये वीतभर जागा. बांध घातलेली धानाची बांधी इतकी उघडी दिसे की जेठ केवळरामभाऊंनी धुऱ्यावरून विचारलं, धान लावलं की टिकल्या? मी हसली. माझं पाहून शेजारच्या देवकाबाईनंही तसंच लावलं. विधवा बाई, एकच बांधी, तीही बोडीखालची, तळ्याला लागून खोलगट. बी कमी लागलं म्हणून उरलेलं धान तिनं कांडून खाल्लं.

सोमवारपासून तीन दिवस पाऊस झाला. माझी बांधी उंचावर, ती तगली. तिची रोपं पाण्याखाली सडली. गावात कोणाकडे पुन्हा रोवायला पऱ्हे उरले नाहीत. ती पोरीला घेऊन येते, ओसरीवर बसते. रीनाले काय खाऊ घालू, एवढंच काल तिनं विचारलं. काय सांगू रे? लवकर लिही.

अजून तुझ्यावर भरवसा असलेली,
अल्काताई

गोंदिया, ता. ७ ऑगस्ट २००७

ती. अल्काताईस सा. जयभीम.

वि. वि. पत्र वाचलं. ताई, खोलगट बांधीत ही रोवणी करू नये, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी काम करतो त्या संस्थेला प्रत्येक गावातून दोन शेतकरी दाखवायचे होते. देवकाबाई तयार झाली हे तुझ्याकडून कळलं आणि मी गप्प राहिलो. दोष तुझा नाही.

एक उपाय आहे, खात्रीचा नाही. पाणी उतरलं की तुझी अर्धी रोपं उपटून, त्यांचे फुटवे वेगळे करून तिच्याकडे लावता येतील. तुझं पीक घटेल. भाऊजींना विचार. रविवारी येतो, तिच्यासमोर सगळं कबूल करतो.

राग असला तरी लहान भाऊ म्हणून पदरात घे.
रत्नपाल

सालेकसा, ता. २ डिसेंबर २००७

चि. रत्नपाल यास जयभीम.

वि. वि. त्या रविवारी तू चिखलात उभा राहून बोलत होतास, तेव्हा देवकाबाईनं मान वर केली नाही, फुटवे लावत राहिली. अर्धी रोपं दिली म्हणून तू गेल्यावर यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

आता कापणी झाली. माझ्या उरलेल्या रोपांना तीस-तीस लोंब्या आल्या. केवळरामभाऊ स्वतः मोजून गेले, पुढच्या साली आम्हालेही शिकव म्हणाले. आणखी चार घरं विचारून राहिली. देवकाबाईला मात्र पोतंभर धान झालं, तेही अर्धं पोचट. रीनाची शाळा सोडवून त्या मायलेकी नागपूरला बांधकामावर चालल्या.

काल ती निरोप घ्यायला आली. मला वाटलं, शिव्याशाप देईल. ती म्हणाली, "अल्का, लोकाईले शिकवशीन, तं आधी माही बांधी दाखवजो."

येत्या रविवारी शिकू पाहणाऱ्या त्या घरच्यांना मी तिच्याच बांधीवर नेऊन राहिली. तू ये. तिथं काय झालं, ते मी सांगणार नाही. तू सांग.

वाट पाहणारी,
तुझी ताई