वडनेरच्या पत्रिकेचं प्रूफ

बाबा, मी नागपूरला नेमकं काय काम करते हे तुम्हाला कधी सांगताच आलं नाही. तुम्ही होतात तेव्हा असलं काम असतं हे मलाच ठाऊक नव्हतं. लोक घरबसल्या कॉम्प्युटरवर एखादं पान मागतात, तेव्हा आमच्याकडच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर, सर्व्हरवर, त्या पानाचा साचा तयार असतो. मजकूर ठरलेला, मधे मोकळ्या जागा. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला माझा प्रोग्रॅम त्या जागांत मागणाऱ्याचं नाव-गाव बसवतो आणि भरलेलं पान त्याच्याकडे रवाना करतो. म्हणजे हिंगणघाटच्या आपल्या छापखान्यात लग्नपत्रिकेचं चालायचं तेच. आमंत्रणाचा मजकूर सुतळीनं बांधून बारा महिने तयार, बदलायची ती फक्त नावं, तिथी आणि ठिकाण. ऑफिसातली मुलं हे कॉलेजात शिकून आली, मी दहावीच्या सुट्टीत तुमची बोलणी खात शिकले. या कामात मला कोणी सहसा मागे टाकत नाही. ही फुशारकी आहे, पण तुमच्यापुढे नाही मारायची तर कोणापुढे!

तुमची एक रीत होती. पत्रिका छापून झाली की नावांचे शिशाचे खिळे काढून अक्षराप्रमाणे आपापल्या खणात टाकायचे, त्यांच्या जागी कोरे ठोकळे बसवायचे, आणि मग त्या रिकाम्या साच्याचंही प्रूफ काढून वाचायचं. मला हा निव्वळ शाईचा नास वाटायचा. "त्यात वाचाचं काय बाबा? नावच नाई त्यात," मी म्हणायची. तुम्ही चष्मा कपाळावर सारून म्हणायचात, "तेच तं पाहाचं हाय. मागच्याचं काही राह्यलं तं नाई, ते याच्यातच दिसते." मग ते प्रूफ भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचात आणि चहा मागवायचात.

त्या वर्षी लग्नसराई अंगावर आली होती आणि वडनेरच्या पत्रिकेआधी मी रिकामं प्रूफ काढलंच नाही. आधीच्या पत्रिकेतल्या मुलीचे वडील वारलेले होते. मी त्यांचं नाव काढलं, पण नावामागचं 'कै.' तसंच राहिलं, आणि त्याच्यापुढे वडनेरच्या वधूपित्याचं नाव बसलं. भरलेलं प्रूफ तुम्हाला दाखवायचं असतं. तुम्ही कागद आणायला बाहेर गेला होतात, ट्रेडल मशीनवर छापणारा माणूस खोळंबला होता, मी छाप म्हणून सांगून टाकलं. चार दिवसांनी ते गृहस्थ वांग्याची टोपली डोक्यावरून उतरवून दारात उभे राहिले. भाजी विकणारा माणूस, कधी आवाज चढवून बोलला नसेल. "भाऊ, मी हा तुमच्यापुढं उभा आहो," ते म्हणाले, "अन् पत्रिकेत मले मारून टाकलं. माही बुढी रडून राह्यली ना घरी."

तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत. मग पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन मला विचारलंत, "हे प्रूफ मी पाह्यलं होतं काय?" मी म्हटलं, "हो बाबा. सकाळी, बिलबुकाच्या प्रूफासोबत." बाबा, ते खोटं होतं. इतक्या सहज निघालं तोंडातून, की मीच चकित झाले. तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसलात, पुन्हा लावलात, पुन्हा ती ओळ वाचलीत. "मंग माहे डोयेच गेले," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी नव्या पत्रिका घेऊन तुम्ही एस.टी.नं वडनेरला गेलात, घरोघर फिरून जुन्या परत मागितल्यात, आणि प्रत्येक उंबऱ्यावर "चूक माह्या नजरेची" म्हणून सांगितलंत. परत आल्यावर प्रुफांची चळत माझ्यापुढे सरकवलीत. "आता तूच पाह्यजो. माह्यावर भरवसा नाई राह्यला." त्यानंतर तुम्ही एकही प्रूफ वाचलं नाही. गावात ज्यांच्या नजरेची लोक खात्री देत ते तुम्ही, साधी पावतीसुद्धा मला दाखवून घेऊ लागलात.

परवा ऑफिसात तसाच घोळ झाला. लग्नाची स्थळं सुचवणाऱ्या एका मंडळाची वेबसाइट आम्ही केली आहे. एका मुलीनं आपलं पान उघडलं तर वर दुसऱ्याच मुलीचं नाव. सगळे म्हणाले, तिच्याच कॉम्प्युटरचा दोष असणार. मी काहीच नाव न देता साचा चालवून पाहिला. जागा कोरी यायला हवी होती, तिथे आदल्या मुलीचं नाव आलं. जे नाव दर वेळी नव्यानं घ्यायचं ते मी सगळ्यांच्या सामाईक जागेत ठेवलं होतं, त्यामुळे दोघींनी एकदम पान मागितलं की एकीचं दुसरीकडे जात होतं. तासाभरात दुरुस्त केलं. मग मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाले, चूक माझी आहे, कोणी तपासलं नव्हतं, मीही नाही. साहेब म्हणाले, "बरं, पुढे चला." संपलं. इतकं सोपं असतं ते, बाबा, आणि घरी येईपर्यंत मला रडू आवरेना.

तुमचे डोळे चांगले होते. ते प्रूफ तुमच्यासमोर आलंच नव्हतं. हे सांगायला मला पुढे कितीतरी वर्षं मिळाली, तुम्ही रोज समोर बसलेले असायचात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून निदान इथे तरी पुरतं खरं लिहिते. मी भीतीनं गप्प राहिले ती पहिले चार-सहा दिवस. मग गिऱ्हाइकं दारातूनच "ताईले दाखवा" म्हणू लागली, तुम्हीही माझ्याकडे बोट दाखवू लागलात, आणि ते मला फार आवडलं.