'पाळी सुटल्यावर'चे राहिलेले पुनःप्रसारण

प्रति,
मा. केंद्र संचालक,
मध्यभूमी लोकप्रसारण केंद्र (मराठी विभाग)

अर्जदार : श्रीमती नूतन जानराव खडतकर, वैशाली नगर, भिलाई, जि. दुर्ग (छत्तीसगड)

विषय : सन १९८८ मध्ये जाहीर करून न झालेले पुनःप्रसारण आता करणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची अर्जदारास आलेली दोन पत्रे.

महोदय,

अर्जदार ही आपल्या केंद्राची जुनी श्रोती असून तिचे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

१. आपल्या केंद्रावरून त्या काळी दर सोमवारी संध्याकाळी 'पाळी सुटल्यावर' हा कामगारांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम लागत असे. संप, टाळेबंदी, ठेकेदारी असे विषय असत आणि पुढाऱ्यांच्या आधी कामगाराला बोलू देत. नाव मात्र सांगत नसत. नोकरीवर गदा येऊ नये म्हणून 'एक श्रमिक' एवढेच म्हणत. अर्जदाराचे यजमान कै. जानराव येथील एका लहान फाउंड्रीत होते. ठेकेदारीवरच्या भागासाठी आपली माणसे ध्वनिमुद्रणाचे मशीन घेऊन मरोद्याला, आम्ही तेव्हा राहत होतो त्या वस्तीत आली, तेव्हा यजमानही बोलले.

२. तो भाग लागला त्या दिवशी यजमान दुसऱ्या पाळीत होते. चांगला रेडिओ अर्जदाराकडेच असल्याने अर्धी गल्ली तिच्या खोलीत जमली. घरी माणसे आली की चहा ठेवावाच लागतो, आमच्याकडे तशी रीत आहे. अर्जदार आत स्टोव्हला पंप मारत होती आणि त्या स्टोव्हचा आवाज फार मोठा होता. ती कपबशा घेऊन बाहेर आली तेव्हा बातम्या सुरू झाल्या होत्या. शेजारच्या मैनाबाई म्हणाल्या, "तुया मालकानं बराबर सांगतलं बाई." म्हणजे सगळ्या गल्लीने ऐकले, एका अर्जदारानेच ऐकले नाही.

३. पाळीवरून आल्यावर यजमानांनी विचारले. झाले ते सांगितल्यावर ते हसले व म्हणाले, "गुरुवारी पुन्हा लावून राहिले न, तवा ऐकजो." ही घोषणा आपल्याच केंद्राने केली होती. गुरुवारी अर्जदाराने संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच उरकला आणि रेडिओपाशी बसली. त्या वेळेला सतारवादन लागले. कारण सांगितले नाही, दिलगिरीही नाही. पुढच्या गुरुवारीही सतारच होती. यजमान म्हणाले, "लागन कधीतरी." पुढे कार्यक्रमच बंद झाला. यजमान हृदयविकाराने गेले, त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली.

४. अर्जदाराचा उजवा कान गेलेला आहे. डावाही फार दिवस साथ देणार नाही असे डॉक्टर सांगतात. म्हणून तिने ती ध्वनिफीत ऐकवण्याची विनंती केली. त्यावर आपले पहिले पत्र आले, की फीत आहे, परंतु तिच्यावर कोणाचेही नाव नाही. सबब आवाज यजमानांचाच असल्याची खात्री होण्यासाठी त्यांच्या आवाजाचा दुसरा नमुना जोडावा. दुसरा नमुना असता तर अर्जदाराने आपल्याला कशाला त्रास दिला असता? तातडी कळावी म्हणून तिने कानाचा तपासणी अहवाल पाठवला. मग दुसरे पत्र आले, की अर्जदारास ऐकू येत नसल्याचे कागदोपत्री दिसून येत असल्याने तिला ध्वनीऐवजी टंकलिखित मजकूर देण्यात येत असून प्रकरण बंद करण्यात येत आहे.

५. मजकूर मिळाला. त्यात 'एक श्रमिक' तीन आहेत. त्यांतला एक म्हणतो, "ठेकेदाराचा माणूस आमच्या बाजूले उभा राहून तेच काम करते. चहा आला का त्याले भेटत नाही, तो तोंड फिरवून घेते. आमी पिऊन राहतो." हेच बाबा, असे अर्जदाराचा मुलगा प्रशांत म्हणतो. अर्जदारास तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. तेव्हा सगळेच असे बोलत. खरे म्हणजे यजमानांचे शब्द तिला आठवतात, आवाज आठवत नाही. आठवायला बसले की ते शब्द तिच्याच आवाजात ऐकू येतात. त्याचे आता रडूही येत नाही. हे केवळ आपल्या माहितीस्तव लिहिले.

६. तरी अर्जदार यापुढे फीत मागत नाही. गुरुवारचे जाहीर केलेले पुनःप्रसारण तेवढे आपण पूर्ण करावे. त्यासाठी आवाज कोणाचा हे ठरवण्याची गरज नाही, कारण पहिल्यांदा लावले तेव्हाही ते ठरवले नव्हते. अर्जदार तिघांचेही म्हणणे ऐकून घेईल. यजमान ओळखू आले नाहीत तर त्याची तक्रार आपल्याकडे येणार नाही. डावा कान आहे तोवर व्हावे, आणि दिवस व वेळ आधी कळवावी, इतकेच मागणे आहे. शेजारीपाजारी बसायला आले तरी त्या अर्ध्या तासात घरात चहा ठेवला जाणार नाही.

आपल्या केंद्राची श्रोती,
नूतन जानराव खडतकर

भिलाई
दि. २२ नोव्हेंबर २०२३

सोबत :
१. कानाचा तपासणी अहवाल (डाव्या कानावर खूण केली आहे, कृपया तो पाहावा)
२. आपण पाठवलेला टंकलिखित मजकूर (साभार परत)