सील न तुटलेला एम थ्री

३ जानेवारी
वही नवी, पेन नवं, माणूस मात्र जुनाच. संकल्प तीन. रोज साडेपाचला उठणे. हिला आपण होऊन फोन करणे (नेहमी तीच करते). आणि लायका एम थ्री या कॅमेऱ्यावर लेख लिहिणे, म्हणजे एकदाचं सगळ्यांना कळेल.
ही मुलीकडे गेली आहे, बाळंतपणासाठी. दोन महिन्यांत येते म्हणाली होती. नात आता दहा महिन्यांची झाली. मला अजिबात जड जात नाही. घरात शांतता आहे. टीव्ही दिवसभर चालू असतो तो फक्त बातम्यांसाठी.

४ जानेवारी, सकाळी ९.१०
उठलो. गजर वाजला होता, हे मान्य.
लेखाला सुरुवात. "लोक विचारतात, एम थ्रीत असं आहे तरी काय?" लोक म्हणजे जावई. त्याने एकदाच विचारलं होतं, आणि माझं उत्तर निम्म्यावर असताना त्याला कुणाचा तरी फोन आला. तो अजून चालू असावा.
उत्तर: व्ह्यूफाइंडर. त्यातून माणूस जवळजवळ जेवढ्यास तेवढा दिसतो, म्हणून दुसरा डोळा मिटावा लागत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्याकडे बघता येतं. मधल्या चौकोनात माणसाची दुसरी, पुसट प्रतिमा दिसते. रिंग फिरवून दोन्ही एकावर एक आणल्या की फोकस झाला. बॅटरी नाही. आत आरसा नाही, त्यामुळे खटक्याचा आवाज इतका कमी की झोपलेलं बाळ जागं होणार नाही. हे ऐकीव आहे. नातीला मी एकदाच भेटलोय आणि तेव्हा ती जागीच होती.

९ जानेवारी
मंगळवार. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात आमचं मंडळ जमलं. एकूण पाच संग्राहक. माझा एम थ्री आज पुन्हा सगळ्यांना दाखवला. लेन्स बसते त्या कड्याच्या वरच्या स्क्रूवर कारखान्याने लावलेलं सील असतं. ते शाबूत, म्हणजे कॅमेरा आतून आजवर कुणीही उघडलेला नाही. संग्राहक जीव टाकतात ते यावर. आमच्यातले एक बँकवाले आहेत, त्यांच्याकडे तीन एम थ्री आहेत, तिन्ही कधी ना कधी उघडलेले. त्यांनी भिंगातून माझं सील पाहिलं आणि मागच्या मंगळवारी पाहिलं होतं असं म्हणाले. जळतात.
दुरुस्तीवाल्याचं तेच पालुपद: आतलं वंगण सुकलं असणार, उघडून साफ करू. छे! बरं मग निदान फोटो तरी काढत जा, म्हणाला, यंत्र चालतं राहील. मी नुसता हसलो. सोन्याच्या सुरीने कुणी कांदा चिरतं का?
नंतर चौघे चहाला गेले. मला बोलवायचं राहून गेलं असणार.

१७ जानेवारी
हिचा फोन. मी करणारच होतो, तिने घाई केली. रविवारी नातीला घेऊन येतेय, एका दिवसापुरती, उन्हाळ्याचे कपडे न्यायला.
कपडे हे निमित्त. चौतीस वर्षांचा संसार आहे, एवढं ओळखतो मी. तिला परत यायचंय आणि स्वतःहून म्हणायला कमीपणा वाटतोय. तर मोठेपणा मीच घेतो. एम थ्रीत रोल भरणार आणि दोघींचे फोटो काढणार. छत्तीसच्या छत्तीस. असा फोटो पाहून कुठल्या बायकोचं मन वितळणार नाही?

२० जानेवारी
घर लख्ख करायचं ठरवलं होतं. पडदे धुतले. आता ते खिडकीच्या निम्म्यापर्यंतच येतात, पण उजेड वाढला, फोटोला बरंच. कॅमेरा दोन तास पुसला. ओट्याकडे वेळ उरला नाही. ओटा काही फोटोत येत नाही.

२१ जानेवारी, संध्याकाळी ६
यशस्वी दिवस!
दोघी अकराला आल्या. नात मला बघून रडली. अनोळखी माणसाला बघून मुलं रडतात, असं ही म्हणाली. लागलं मला ते. पण वेळ घालवण्यात अर्थ नव्हता, हिने कपाट आवरलं तसं दोघींना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं.
व्ह्यूफाइंडरमधून काय दिसल्या! मी रिंग फिरवतोय, दोन प्रतिमा जवळ येतायत, तेवढ्यात सहाव्या फोटोला ही बोलायला लागली.
"अहो, मुलगी म्हणते, तुम्हीही या आमच्याकडे राहायला. मागची खोली मोकळीच आहे. याल?"
"हनुवटी जरा खाली घे," मी म्हटलं.
तिने घेतली. ऊन सरकत होतं. प्रश्न कुठे पळून जात नाही, उजेड जातो. शिवाय उत्तर काय, होच आहे. मला तर खुर्चीवर उभं राहून हो म्हणावंसं वाटत होतं. पण अशा गोष्टी घाईत सांगितल्या की त्यांची किंमत राहत नाही. छत्तिसावा फोटो झाला तेव्हा टॅक्सी दारात होती. चार पिशव्या. ही पायरीवर थांबली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, फोटो मस्त येणार. ती बरं म्हणाली आणि गेली.

२४ जानेवारी
रोल धुवायला दिला. योजना पक्की: सहावा फोटो मोठा करून घ्यायचा, मागे एकच शब्द लिहायचा, "येतो", आणि पाठवून द्यायचा. असं उत्तर आजवर कुणी बायकोला दिलं नसेल.
तिचा फोन आला होता. काही ठरलं का, विचारत होती. म्हटलं, थोडी कळ काढ, गंमत आहे. गंमत कसली, म्हणाली. मी ताकास तूर लागू दिली नाही.

३० जानेवारी
रोल कोरा.
छत्तीसच्या छत्तीस. दुरुस्तीवाल्याने पट्टी उजेडात धरली आणि हळूच विचारलं, लेन्सवरची टोपी काढली होती का?
या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही. व्ह्यूफाइंडर वेगळा, शेजारच्या खिडकीत. त्यामुळे टोपी तशीच असली तरी आपल्याला सगळं स्वच्छ दिसत राहतं. ज्या गुणासाठी जग याला डोक्यावर घेतं, त्यानेच मला गाफील ठेवलं. बँकवाले म्हणाले, सगळ्यांचं एकदा होतं असं. मग आपलं कधी आणि कसं झालं ते चौघांनी सांगितलं. त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं, दोन-तीन फोटोंत.
घरी येऊन जेवलो नाही. भूक नव्हती.

६ फेब्रुवारी
हिला फोन करायचा राहिला. काय सांगणार? फोटोशिवाय नुसतं "येतो" म्हणणं फार उघडं वाटतं.
नवी योजना: आपणच जायचं, न कळवता, आणि तिथे पुन्हा फोटो काढायचे. बॅग भरली. कॅमेरा, दोन लेन्सा, रोल, पुसायचं कापड. कपड्यांना जागा उरली नाही. उद्या मोठी बॅग शोधतो.

८ फेब्रुवारी
मोठी बॅग हिने नेली आहे.

११ फेब्रुवारी, सकाळी ११
फोन केला. आपण होऊन. दुसरा संकल्प पूर्ण.
एका दमात सांगितलं की मी राहायला यायला तयार आहे, येत्या रविवारी निघतो. ती म्हणाली, मागची खोली विहीणबाईंना दिली. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता त्या तिथेच राहणार. दोन आठवडे वाट पाहिली, म्हणाली, मग मुलीला सांगितलं की बाबांचा विचार दिसत नाही. चिडली नव्हती. चिडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
मग तिनेच विषय बदलला. फोटो कसे आले?
छान, म्हटलं. सहावा सगळ्यांत छान.
कसा दिसतोय, तिने विचारलं. मी सांगायला लागलो. चष्म्याची डावी दांडी दोऱ्याने बांधली आहेस. कानामागे केसांची एक बट पांढरी झालीय, तू इथे असताना ती नव्हती. नातीने तुझ्या स्वेटरचं बटण मुठीत धरलंय. तू बोलते आहेस, पण बघते आहेस तिच्या टाळूकडे, आणि बोलून झाल्यावर मग माझ्याकडे.
"एवढं दिसलं तुम्हाला?"
"हो."
"आणि मी विचारलं ते ऐकू नाही आलं?"
आलं होतं, म्हटलं.
मग नातीला भरवायचंय म्हणाली आणि तिने फोन ठेवला.