मासळीच्या पेटीतलं दूध

अब्बा, तुमच्या यास्मीनचा सलाम. इकडं सोलापुरात आमी बरे हाय.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहिते. बाळ अजून दवाखान्यात काचेच्या पेटीतच हाय. खोलीवर फ्रीज न्हाय. बाळासाठी काढलेलं माझं दूध जेऊरहून आणलेल्या तुमच्या मासळीच्या पेटीत ठेवते. तुमी करता तसं खाली भुसा, बाटलीभोवती बर्फ, वर ओलं पोतं. सिस्टर वासानं नाक मुरडते, पण दूध नासत न्हाय की!

बर्फवाला विचारतो, अजून किती दिवस? म्हटलं, तू लादी फोड.

अम्मीचा गुडघा कसा हाय? तिला एवढ्यात पाठवू नका.

आज बाटली भरलेलीच परत आली. सिस्टर ती हातात देऊन लगेच आत गेली. तुमचे जावई आवेज विचारायला गेलेत, अजून आले न्हाईत. तोवर मी पेटीत नवा बर्फ भरून ठेवलाय.

दुवा करा,
तुमची यास्मीन